भेदभाव झाला, आता अर्ज कुठे द्यायचा? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वस्तीतल्या लोकांना अर्ज लिहून देताना तेच तेच प्रश्न समोर येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ही महानगरपालिकेची अधिकृत माहिती नाही आणि वकिलाच्या सल्ल्याची जागाही ती घेऊ शकत नाही. पण कोणत्या दारावर जायचं आणि तिथे काय मागायचं, एवढं यातून नक्की कळेल.

भेदभावाच्या तक्रारींसाठी मनपात वेगळं खातं आहे का?

नाही. नाली तुंबली, दिवा बंद पडला, कर चुकीचा लागला, या सगळ्यांसाठी मनपात ठरलेली खिडकी आहे. जातीवरून, धर्मावरून किंवा अपंगत्वावरून वेगळी वागणूक मिळाली, तर त्यासाठी एकच अशी खिडकी नाही. हे काम चार-पाच ठिकाणी विभागलं आहे. मनपाच्या माणसाने भेदभाव केला तर मनपा, गुन्हा घडला तर पोलीस, पीडिताला अर्थसहाय्य हवं असेल तर जिल्हाधिकारी आणि समाज कल्याण, शिवाय वर आयोग आणि न्यायालय. यातली बरीचशी कार्यालयं सिव्हिल लाईन्समध्ये एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. तरीही चुकीच्या ठिकाणी दिलेला अर्ज योग्य ठिकाणी पोचायला महिने जातात, म्हणून सुरुवातीलाच दार बरोबर निवडायचं.

मग मनपाची जबाबदारी नेमकी कुठे येते?

पहिली, ती सेवा देते तिथे. दवाखाने, शाळा, समाजभवनं, उद्यानं, दहनघाट, पाणी आणि दहा झोन कार्यालयांमधले सगळे काउंटर यात आले. दुसरी, ती मालक आहे तिथे, म्हणजे सफाई कामगारांपासून अभियंत्यांपर्यंत तिच्या सगळ्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत. तिसरी, ती परवानगी देते तिथे: बांधकामाचा नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, व्यवसायाचे परवाने. चौथी फारशी कुणाला माहीत नसते. शिक्षण हक्क कायद्याखाली मनपा ‘स्थानिक प्राधिकरण’ आहे आणि काही तक्रारींवर तिला स्वतः निर्णय द्यावा लागतो. त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

खाजगी दुकानदार, घरमालक किंवा कंपनी यांच्याविरुद्ध मनपा स्वतः भेदभावाचा खटला चालवत नाही. तिथे पोलीस किंवा त्या त्या कायद्यातला अधिकारी लागतो.

समाजभवनाचा केअरटेकर आडनाव ऐकल्यावर तारीख नाही म्हणाला. हा भेदभाव धरला जाईल का?

असा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात नेहमी येतो, म्हणून थोडं सविस्तर.

समजा बारशासाठी मनपाचं समाजभवन हवं होतं. फोनवर तारीख मोकळी असल्याचं सांगितलं. प्रत्यक्ष गेल्यावर नाव-आडनाव लिहून घेतलं आणि मग ‘अरे, ती तारीख तर गेली’ असं उत्तर मिळालं. एवढ्यावरून भेदभाव सिद्ध होत नाही, कारण तारीख खरंच गेलेली असू शकते. पण त्याच तारखेला हॉल रिकामा राहिला, किंवा तुमच्यानंतर आलेल्या माणसाला तो मिळाला, किंवा ‘तुमच्या लोकांनी मागच्या वेळी घाण केली होती’ असं कुणासमोर बोललं गेलं, तर चित्र बदलतं. नोंदवहीतली नोंद इथे साक्षीदाराइतकी मोलाची असते.

संविधानाच्या कलम १५(२) नुसार दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येत नाही. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली आणि ती पाळणं गुन्हा ठरवलं. ती पाळणाऱ्याला शिक्षा देण्यासाठी आधी १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आला आणि नंतर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, ज्याला आपण सगळे ‘ॲट्रॉसिटी’ म्हणतो.

समाजभवनासारख्या प्रकरणात एकाच वेळी दोन वाटा मोकळ्या असतात. झोनच्या सहायक आयुक्तांकडे विभागीय चौकशीची मागणी आणि पोलीस ठाण्यात फिर्याद. ‘आधी आमची चौकशी होऊ द्या, मग पोलिसांत जा’ असं कुणी म्हणालं, तर ते ऐकायची सक्ती नाही.

नागरी हक्क संरक्षण कायदा आणि ॲट्रॉसिटी यांत फरक काय?

१९५५ चा कायदा सुरुवातीला अस्पृश्यता गुन्हे कायदा होता. १९७६ च्या दुरुस्तीत त्याला आजचं नाव मिळालं. देवळात, घाटावर, दवाखान्यात, दुकानात, उपाहारगृहात अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणं, माल किंवा सेवा नाकारणं, अपमान करणं हे त्यातले गुन्हे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. रक्कम आज हास्यास्पद वाटते, पण या कायद्यातलं कलम १२ वजनदार आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असं कृत्य घडलं, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडलं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे आरोपीने दाखवायचं. शिवाय तपासात मुद्दाम हयगय करणारा सरकारी नोकर कलम १० प्रमाणे गुन्ह्याला साथ देणारा मानला जातो.

ॲट्रॉसिटीच्या शिक्षा कडक आहेत आणि त्यात पीडिताला अर्थसहाय्यही मिळतं. पण तिथे पीडित व्यक्ती अनुसूचित जाती किंवा जमातीची असावी लागते आणि आरोपी त्या दोन्हींतला नसावा लागतो. जातिवाचक शिवीगाळ किंवा अपमान असेल, तर तो लोकांना दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी झालेला असावा लागतो. बंद खोलीत, दुसरं कुणी नसताना बोललेलं वाक्य या कलमात टिकवणं अवघड जातं. फिर्याद देताना ‘तेव्हा तिथे कोण कोण होतं’ हे नावानिशी सांगणं म्हणूनच महत्त्वाचं. आरोपी तुम्हाला किंवा तुमच्या घरच्यांना आधीपासून ओळखत असेल, तर त्याला तुमची जात माहीत होती असं न्यायालय मानून चालतं.

आम्ही बौद्ध. शाळेच्या दाखल्यावर धर्म बौद्ध आहे. आम्हाला ॲट्रॉसिटी लागू होतो का?

होतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षाभूमीवरच्या धर्मांतरामुळे नागपुरात हा प्रश्न घराघरात आहे आणि ठाण्यात बसलेल्या एखाद्या हवालदारालाही कधी कधी याचं उत्तर ठाऊक नसतं. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० मध्ये दुरुस्ती झाली आणि हिंदू, शीख यांच्याबरोबर बौद्धांचाही समावेश झाला. मूळ जात यादीत असेल, तर बौद्ध असल्याने संरक्षण जात नाही. जातीचा दाखला मात्र त्याप्रमाणे काढून ठेवा. गुन्हा नोंदवायला तो सोबत हवाच असं नाही, पण अर्थसहाय्याच्या वेळी लागतो. अनुसूचित जातीतून ख्रिश्चन किंवा मुस्लिम झालेल्यांना सध्या हे संरक्षण नाही.

भटके-विमुक्त, ओबीसी, गोवारी, छत्तीसगडहून आलेले मजूर यांचं काय?

यादी पाहावी लागते आणि ती कधी कधी चकित करते. कैकाडी समाज राज्यात बहुतेक ठिकाणी विमुक्त जातींत मोडतो, पण नागपूरसह विदर्भातल्या जिल्ह्यांत तो अनुसूचित जातींत आहे. आम्हाला अनुसूचित जमातीत घ्या, या गोवारींच्या मागणीचा इतिहास इथे सगळ्यांना माहीत आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावर निघालेल्या मोर्चात ११४ जणांचा चेंगरून जीव गेला. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्यामुळे अनुसूचित जमात म्हणून ॲट्रॉसिटीचं संरक्षण त्यांना मिळत नाही.

ओबीसी आणि इतर भटक्या-विमुक्तांनाही हा कायदा नाही. मारहाण, धमकी, बदनामी यांसाठी भारतीय न्याय संहिता आहे आणि वाळीत टाकलं तर सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे.

दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना ‘तुमची जात महाराष्ट्राच्या यादीत नाही’ असं सांगून परत पाठवलं जातं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की ॲट्रॉसिटीचं संरक्षण मूळ राज्यापुरतं मर्यादित नाही. अर्जात या निकालाचा उल्लेख करा.

ठाण्यात गुन्हा नोंदवत नाहीत. ‘आधी चौकशी करतो’ म्हणतात.

ॲट्रॉसिटीत २०१८ च्या दुरुस्तीने कलम १८अ आलं. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असं ते स्पष्ट सांगतं. हद्दीचा वादही घालता येत नाही. घटना सीताबर्डीत घडली आणि तुम्ही जरीपटक्यात गेलात, तरी शून्य क्रमांकाने गुन्हा घेऊन पुढे पाठवायचा असतो. तपास सहायक पोलीस आयुक्त किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा आणि साठ दिवसांत दोषारोपपत्र द्यायचं, असा नियम आहे. कर्तव्यात मुद्दाम कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला, तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर, कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते.

प्रत्यक्षात काय करायचं? तोंडी वाद घालू नका. फिर्याद लिहून न्या, दोन प्रतींत. घेत नसतील तर त्याच दिवशी ती पोलीस उपायुक्त आणि पोलीस आयुक्तांकडे पाठवा. एक प्रत पोलीस अधीक्षक, नागरी हक्क संरक्षण, नागपूर यांनाही द्या. ही पोलीस दलाचीच शाखा आहे. ती स्वतः सहसा गुन्हा नोंदवत नाही, पण अशा प्रकरणांवर देखरेख ठेवते आणि तिचं पत्र आलं की ठाण्यातला आवाज बदलतो. तरीही हाललं नाही, तर न्यायालयात जाऊन गुन्हा नोंदवण्याचा आदेश मागता येतो.

अर्थसहाय्य कोण देतं? मनपा देते का?

मनपा देत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत समाज कल्याण विभाग देतो. सहायक आयुक्त, समाज कल्याण यांचं कार्यालय दीक्षाभूमी रस्त्यावरच्या सामाजिक न्याय भवनात आहे. गुन्ह्यानुसार रक्कम ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत ठरलेली आहे. जातिवाचक अपमानाच्या प्रकरणात एकूण एक लाख मिळतात. त्यातले २५ टक्के गुन्हा नोंदल्यावर, ५० टक्के दोषारोपपत्र गेल्यावर आणि उरलेले आरोपी दोषी ठरल्यावर. सात दिवसांत मदत द्यावी असं नियम म्हणतो. सात दिवस उलटून गेले तर आश्चर्य वाटून घेऊ नका, आठवड्याने लेखी स्मरणपत्र द्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. रखडलेल्या प्रकरणांची यादी तिथे ठेवता येते.

घर भाड्याने द्यायला नकार देतात. कारण सांगत नाहीत, पण कळतं.

कायद्याची सगळ्यात मोठी भोकं इथे आहेत. जात, धर्म किंवा खाणं यावरून खाजगी घरमालकाने भाडेकरू नाकारला, तर सर्वांना सरसकट लागू पडेल असा एकही कायदा आपल्याकडे नाही. नॉनव्हेज खाणाऱ्यांना घर नाही, एकट्या मुलीला नाही, मुस्लिमांना नाही, हे उघड बोललं जातं आणि त्यातल्या बऱ्याच नकारांवर थेट शिक्षा नाही. माझ्या मते मनपाच्या सभागृहात यावर चर्चा व्हायला हवी, पण कायदा करणं राज्याच्या हातात आहे.

तरी हात अगदीच रिकामे नाहीत. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत घर घेऊ, बांधू किंवा राहू न देणं हा १९५५ च्या कायद्यातल्या कलम ४ प्रमाणे गुन्हा आहे आणि वर सांगितलेलं कलम १२ चं गृहीतक इथेही लागू होतं. तृतीयपंथी व्यक्तींच्या संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्यात राहण्याचा, घर विकत किंवा भाड्याने घेण्याचा हक्क नमूद आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना भाड्याने घर नाकारायला २०१७ चा कायदा मनाई करतो.

फ्लॅट विकत घेतला आणि सोसायटी सभासद करून घेत नसेल, तर प्रकरण सहकार कायद्यात जातं. पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर तुम्ही सभासद झालात असं मानलं जातं. लेखी नकार आला तर साठ दिवसांत उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अपील करा. सोसायटीचा सचिव अर्जाची पोच न देता तोंडी ‘बघू’ म्हणत राहतो, कारण त्याला हे तीन महिने ठाऊक असतात. तुमच्या अर्जावर सोसायटीचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.

शाळेत मुलाला वेगळं बसवतात, पंचवीस टक्क्यांतली (शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांवरची) मुलं म्हणून टोमणे मारतात.

इथे मनपा पोस्टमन नाही, निर्णय देणारी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ९ सांगतं की दुर्बल आणि वंचित गटातल्या मुलाशी भेदभाव होणार नाही याची काळजी स्थानिक प्राधिकरणाने घ्यायची. कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रार आली, की दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. तो पटला नाही, तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

मनपाच्या शिक्षण विभागाच्या नावे अर्ज लिहा आणि विषयातच ‘शिक्षण हक्क कायदा कलम ३२ अन्वये तक्रार’ असं टाका. हे शब्द नसतील, तर तुमचा अर्ज साधं गाऱ्हाणं समजून शाळेकडे ‘उचित कार्यवाहीसाठी’ पाठवला जातो. मग ज्या मुख्याध्यापकांविरुद्ध तक्रार आहे, त्यांच्याच टेबलावर तो येऊन पडतो.

झोन ऑफिसला रॅम्प नाही, व्हीलचेअर आत जात नाही. हाही भेदभाव?

हो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा, करणं बंधनकारक आहे. जुन्या इमारतींसाठी दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपली. कलम ४४ तर थेट मनपाला बांधतं. सुगमतेचे निकष पाळले नसतील, तर नकाशा मंजूर करायचा नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही. नव्या मॉलला किंवा रुग्णालयाला रॅम्प नसेल, तर इमारतमालकाइतकाच प्रश्न परवानगी देणाऱ्यालाही विचारता येतो. ‘भोगवटा प्रमाणपत्र कोणत्या तपासणीवरून दिलं’ हे माहिती अधिकारात मागा.

दाद मागण्यासाठी दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. अर्ज टपालाने पाठवता येतो. सार्वजनिक ठिकाणी दिव्यांग व्यक्तीचा जाणूनबुजून अपमान केला, तर कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे. ही फिर्याद पोलिसांत द्यायची.

तृतीयपंथी व्यक्तीला दवाखान्यात हाकललं तर?

२०१९ च्या कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा आणि त्याने पंधरा दिवसांत चौकशी करायला हवी. मनपाचा दवाखानाही आस्थापनाच. तक्रार अधिकारी कोण, असं विचारल्यावर समोरचा गोंधळला, तर अर्ज थेट मनपा आयुक्तांच्या नावे द्या आणि ‘आपल्या आस्थापनेतील तक्रार अधिकाऱ्याचे नाव कळवावे’ अशी ओळ घाला. सार्वजनिक जागा वापरू न देणं, घरातून किंवा वस्तीतून हुसकावणं, छळ करणं या गुन्ह्यांना सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. खरं सांगायचं तर बलात्कारापेक्षा कितीतरी कमी शिक्षेत तृतीयपंथीयांवरचे लैंगिक अत्याचारही याच कलमात बसवले आहेत, ही या कायद्यावरची जुनी आणि रास्त टीका आहे.

कामाच्या ठिकाणी बाईला त्रास होत असेल तर मनपाचा काही संबंध?

लैंगिक छळ असेल, तर २०१३ चा कायदा लागतो. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी, मनपातसुद्धा. त्याहून लहान दुकानं आणि घरकाम करणाऱ्या बायांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हायला हवी.

सफाई कामगाराला गटारात उतरवलं. ठेकेदार म्हणतो, काम त्याने मर्जीने केलं.

मर्जीचा प्रश्नच येत नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला बंदी केली आहे. ही बंदी स्थानिक प्राधिकरण आणि त्याचा ठेकेदार दोघांनाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘काम ठेक्यावर दिलं होतं’ म्हणून मनपा मोकळी होत नाही. मृत्यू झाला, तर वारसांना तीस लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. त्याआधी ही रक्कम दहा लाख होती. कायमचं अपंगत्व आलं तर किमान वीस लाख. जुन्या रकमेवर सही करून घेण्याचा प्रयत्न झाला, तर सही करू नका.

मी मनपातच नोकरीला आहे. बढतीत डावललं जातं.

लोकशाही दिनात, म्हणजे मनपात महिन्यातून एकदा तक्रारी ऐकतात त्या दिवशी, हे घेतलं जात नाही, सेवाविषयक तक्रारी तिथे बादच होतात. आरक्षण आणि बिंदुनामावलीचा (कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला, हे ठरवणाऱ्या रोस्टरचा) प्रश्न असेल, तर विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडे लिहा. रोस्टर तेच तपासतात. मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) मनपा कर्मचाऱ्यांची प्रकरणं जात नाहीत, कारण ते न्यायाधिकरण राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. तुमच्या पदानुसार औद्योगिक न्यायालय किंवा उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. वकिलाला आधी विचारा, कारण इथे दार चुकलं तर मुदतही जाते.

तक्रार लिहायची कशी?

राग बाजूला ठेवून. ‘अधिकारी जातीयवादी आहे’ या वाक्याने चौकशी पुढे सरकत नाही. काय घडलं ते लिहा. नमुन्यादाखल, मघाचं समाजभवनाचं प्रकरण असं मांडता येईल:

‘प्रति, मा. सहायक आयुक्त, … झोन, नागपूर महानगरपालिका. विषय: समाजभवन आरक्षणात जातीवरून नकार दिल्याबाबत. महोदय, दि. … रोजी सकाळी ११ च्या सुमारास मी … समाजभवनात गेलो असता तेथील केअरटेकर यांनी माझे पूर्ण नाव विचारले. त्याआधी तारीख उपलब्ध असल्याचे त्यांनीच फोनवर सांगितले होते. नाव सांगितल्यावर त्यांनी पुढील शब्द उच्चारले: “…”. त्या वेळी श्री. … व श्रीमती … हजर होते. सदर तारखेच्या आरक्षण नोंदवहीची प्रत जतन करावी, प्रकरणाची चौकशी करावी व केलेल्या कार्यवाहीची माहिती मला लेखी द्यावी, ही विनंती.’

बोललेले शब्द जसेच्या तसे लिहा, शिवी असली तरी. सभ्यतेपोटी ‘अपशब्द वापरले’ असं लिहिलंत की पुरावा तिथेच पातळ होतो. नोंदवही आणि सीसीटीव्हीचं चित्रण जतन करण्याची मागणी पहिल्याच अर्जात हवी, कारण कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ एवढं लिहून थांबू नका, काय हवं ते स्पष्ट मागा.

आणि पोच. आवक-जावक विभागाचा शिक्का, तारीख, नोंद क्रमांक. खिडकीवरचा माणूस ‘ठेवून जा, साहेबांना देतो’ म्हणाला, तरी शिक्का घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही. नकारच दिला, तर घरी येऊन स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

महिना झाला, उत्तर नाही.

तीन गोष्टी जवळपास एकाच वेळी करता येतात. माहिती अधिकारात, दहा रुपयांच्या शुल्कात, ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत’ मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फाईल जिथे अडली आहे त्या टेबलाचं नाव यातून बाहेर येतं. समाजभवनासारख्या प्रकरणात त्या महिन्याच्या आरक्षण नोंदवहीची प्रतही सोबत मागा.

दुसरं, लोकशाही दिन. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मनपात असतो. अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. ऐनवेळी रांगेत उभं राहून फार काही हाती लागत नाही. न्यायालयात चालू असलेलं प्रकरण घेत नाहीत.

तिसरं, अडलेली गोष्ट एखादा दाखला किंवा नळजोडणीसारखी अधिसूचित सेवा असेल, तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही किंवा कारण न देता नाकारली, तर तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होतो. इथे तुम्हाला भेदभाव सिद्ध करावाच लागत नाही, उशीर झाला एवढं पुरतं. ज्याला फक्त आपलं काम व्हायला हवं आहे, त्याच्यासाठी ही सगळ्यात सोपी वाट आहे.

याउपर राज्य मानवी हक्क आयोग आहे. तिथे घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. धर्मावरून भेदभाव असेल, तर राज्य अल्पसंख्याक आयोग.

समाजाने वाळीत टाकलं, जातपंचायतीने दंड मागितला.

महाराष्ट्राने यासाठी स्वतंत्र कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. बहिष्कार स्वतःच्याच जातीतल्या लोकांनी टाकला असला, तरी लागू होतो. पंचायतीच्या बैठकीचा निरोप व्हॉट्सॲपवर आला असेल, तर तो पुसू नका.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, महिला, मुलं आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. मिळालेला वकील लक्ष देत नसेल, तर बदलून मागता येतो. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ते वर्षभर गप्प बसून राहतात.

माफीनामा लिहून देतो, मिटवून टाका, असा दबाव येतोय.

नागपुरात हे काम बहुधा ओळखीचाच कुणीतरी करतो. ‘काहून वाढवता, एकाच मोहल्ल्यात राहायचं आहे’ अशी सुरुवात होते. कायद्याच्या बाजूने एवढं सांगता येईल की ॲट्रॉसिटीचा गुन्हा ठाण्यात बसून मिटवता येत नाही. संमतीने गुन्हा रद्द करायचा की नाही, हे उच्च न्यायालय ठरवतं. दबाव, धमकी, कामावरून काढणं असं काही झालं, तर कलम १५अ खाली संरक्षण मागता येतं. आरोपीच्या जामीनअर्जाची सूचना तुम्हाला मिळायला हवी आणि त्या वेळी तुमचं म्हणणं ऐकून घेतलं जायला हवं. समजोता करायचा की नाही हा निर्णय तुमचा. फक्त कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका.

रात्री किंवा सुटीच्या दिवशी काही घडलं तर?

जिवाला धोका असेल तर ११२. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारासाठी १४५६६, महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. फोन केल्यावर तक्रार क्रमांक मागून घ्या आणि दुसऱ्या दिवशी लिहायच्या अर्जात तो टाका.